डच माहितीपटकार योरिस इव्हेन्स : जीवन, कारकीर्द आणि पक्ष घेण्याचा प्रश्न

प्रास्ताविक

आज ज्याला सर्रास माहितीपट म्हटले जाते त्या चित्रप्रकारासाठी मराठीत पूर्वी 'अनुबोधपट' हा शब्द रूढ होता. एका शब्दात माहिती पुरविणे अभिप्रेत आहे, तर दुसऱ्यात बोध करणे. योरिस इव्हेन्स (१८९८–१९८९) या डच दिग्दर्शकाचे कार्य या दोहोंपैकी कोणत्याही एका शब्दात पुरतेपणी मावत नाही. सुमारे साठ वर्षे ते चित्रपट करीत राहिले. नेदरलँड्स, सोव्हिएत संघ, बेल्जियम, स्पेन, चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, पोलंड, फ्रान्स, इटली, माली, क्यूबा, चिली, व्हिएतनाम आणि लाओस एवढ्या देशांत त्यांनी चित्रीकरण केले. त्यांचे चरित्र पाहता पाहता विसाव्या शतकातील बहुतेक मोठे संघर्ष नजरेखालून जातात.

माध्यमविषयक अध्यापनात माहितीपटाची ओळख करून देताना एका बाजूला 'वस्तुनिष्ठता' आणि दुसऱ्या बाजूला 'प्रचार' अशी सोयीची विभागणी केली जाते. इव्हेन्स यांनी पक्ष उघडपणे घेतला व तो कधी लपविला नाही. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांना प्रचार ठरवून बाजूला सारणे सोपे आहे, आणि क्रांतिकारक कलावंत म्हणून त्यांचा गौरव करणे त्याहूनही सोपे आहे. प्रस्तुत लेखात मात्र वेगळा प्रश्न विचारला आहे : पक्ष घेतल्यामुळे त्यांना काय दिसू शकले, आणि काय दिसेनासे झाले? या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडलेला आहे. इव्हेन्स यांचे बहुतेक चित्रपट कोणी तरी सांगितल्यावरून वा कोणाच्या तरी पैशावर झाले आहेत. हा 'कोणी तरी' कधी कारखानदार होता, कधी कामगार संघटना, कधी सरकार. 'स्वतंत्र माहितीपटकार' ही कल्पना त्यांना लावताना हे भान सुटू नये.

कॅमेऱ्याच्या घरातील जन्म

इव्हेन्स यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८९८ रोजी नेदरलँड्समधील नाइमेखन या गावी झाला. आजोबा छायाचित्रकार होते आणि वडिलांचा छायाचित्रण-साहित्याचा व्यापार होता. 'कापी' या नावाने चालणाऱ्या या पेढीतील कॅमेरा घेऊन योरिस यांनी वयाच्या तेराव्या वर्षी, १९१२ मध्ये, घरच्याच मंडळींना अमेरिकेतील आदिवासी व वसाहतकरी यांच्या वेषात उभे करून 'विगवाम' नावाचा छोटा कथापट केला. मुलाने धंदा सांभाळावा या अपेक्षेने त्यांना रॉटरडॅम येथे अर्थशास्त्राच्या आणि पुढे बर्लिन येथे प्रकाशरसायनाच्या शिक्षणासाठी पाठविण्यात आले. ड्रेस्डेन येथील कॅमेऱ्याच्या कारखान्यांतही त्यांनी उमेदवारी केली. हे शिक्षण वाया गेले नाही. ड्रेस्डेनच्या इका कारखान्यात तयार होणारा 'किनामो' हा किल्लीवर चालणारा, हातात मावणारा कॅमेरा त्यांच्या परिचयाचा झाला, आणि त्यांचे पहिले महत्त्वाचे चित्रपट या लहानशा यंत्रावर झाले. तिपाईवर खिळलेल्या कॅमेऱ्याच्या काळात चालत, वाकत, चढत चित्रण करण्याची त्यांची रीत या यंत्रज्ञानातून आली आहे.

१९२७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे 'फिल्मलिगा' ही चित्रपट-मंडळी स्थापन झाली. तिचे निमित्त पुदोव्किन यांच्या 'मदर' या सोव्हिएत चित्रपटावरील बंदी हे होते. इव्हेन्स तिच्या संस्थापकांपैकी एक. रॉटरडॅम येथील रेल्वेच्या उचलत्या पुलावर त्यांनी १९२८ मध्ये 'दे ब्रुग' म्हणजे 'पूल' हा लघुपट केला. गाडी येते, थांबते, पूल वर जातो, खालून जहाज निघून जाते, पूल खाली येतो, गाडी पुढे जाते. चित्रपटात याहून अधिक काही घडत नाही. तरीही चाके, दोर, वजने आणि लोखंडी सांगाडा यांच्या हालचालींची त्यांत जी मांडणी आहे ती आजही विद्यार्थ्यांना संकलन शिकविण्यास उपयोगी पडते. पाठोपाठ मान्नुस फ्रांकेन यांच्यासमवेत 'रेगेन' म्हणजे 'पाऊस' (१९२९) आला. ॲमस्टरडॅमवर येऊन गेलेली एक सर, एवढाच त्याचा विषय. ही एक सर वाटत असली तरी ती कित्येक सरींतून जुळविलेली आहे. जेमतेम बारा-पंधरा मिनिटांच्या या चित्रपटासाठी महिनोन्महिने चित्रण चालले होते. हान्स आइस्लर यांनी १९४१ मध्ये या मूक चित्रपटासाठी रचलेले संगीत आधुनिक संगीताच्या इतिहासात स्वतंत्रपणे गणले जाते.

श्रमाकडे वळण

केवळ 'पूल' आणि 'पाऊस' एवढेच करून इव्हेन्स थांबले असते तर ते प्रयोगशील चित्रपटांच्या इतिहासातील एका तळटीपेपुरते उरले असते. त्यांची दिशा बदलली ती कामाच्या मागण्यांमुळे. बांधकाम मजुरांच्या संघटनेसाठी त्यांनी 'वाय बाउवेन' (१९३०) केला, आणि लगेच पुढच्या वर्षी आइंडहोव्हन येथील फिलिप्स कंपनीसाठी 'फिलिप्स रेडिओ' (१९३१). एकाच वेळी मजूर संघटना आणि भांडवलदार कंपनी या दोघांचे काम स्वीकारण्यात त्यांना विसंगती वाटली नाही. फिलिप्सच्या चित्रपटात यंत्रांच्या लयीचे कौतुक आहेच, पण स्मरणात राहतात ते काच फुंकणाऱ्या कामगारांचे फुगलेले गाल आणि ताणलेल्या माना. कंपनीला आपल्या उत्पादनाची प्रतिष्ठा हवी होती. कॅमेऱ्याने ती दिली, आणि तिच्या शेजारी तिची किंमतही ठेवली.

'नीवे ग्रोंडेन' म्हणजे 'नवी भूमी' (१९३३) हा या काळातील सर्वांत समर्थ चित्रपट होय. झाउडरझे हा समुद्राचा फाटा बांध घालून तोडणे व आतील जमीन लागवडीखाली आणणे हे नेदरलँड्सचे राष्ट्रीय स्वप्न होते. सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा मुख्य बांध २८ मे १९३२ रोजी जुळला. त्या अखेरच्या झुंजीचे चित्रण करताना इव्हेन्स यांनी कॅमेऱ्यांची कामे वाटून दिली होती : एकाने समुद्राची बाजू घ्यायची, एकाने जमिनीची, आणि एकाने माणूस व यंत्र यांची. हेलन व्हान डोंगेन यांच्या संकलनात हे तीन पक्ष एकमेकांवर आदळतात आणि अखेर फट बुजते. येथे चित्रपट संपला असता तर तो उत्तम सरकारी गौरवपट ठरला असता. परंतु इव्हेन्स पुढे जातात. समुद्रातून काढलेल्या त्या जमिनीत गहू पिकतो. आणि जागतिक मंदीत भाव टिकविण्यासाठी जगभर धान्य जाळले जाते, समुद्रात लोटले जाते. एवढ्या श्रमाने जो समुद्र हटविला त्याच्याच पोटात धान्य जाते, हे दृश्य कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलते. पक्ष घेतल्यामुळे काय दिसू शकते याचे याहून नेमके उदाहरण त्यांच्या कार्यात दुसरे नाही.

बोरिनाज : सौंदर्याला नकार

बेल्जियममधील बोरिनाज या कोळसाखाणींच्या पट्ट्यात १९३२ मध्ये मोठा संप झाला. संपानंतर कामावरून काढलेल्या व घराबाहेर घातलेल्या खाणकामगारांची स्थिती टिपण्यासाठी बेल्जियन दिग्दर्शक आन्री स्टोर्क यांनी इव्हेन्स यांना बोलाविले. 'मिझेर ओ बोरिनाज' पोलिसांची नजर चुकवीत, कामगारांच्या घरांत आसरा घेत चित्रित झाला आणि १९३४ मध्ये दाखविला गेला.

या चित्रपटाविषयी इव्हेन्स यांनी आपल्या आत्मकथनात नोंदविलेली एक गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने मोलाची आहे. कामगारांच्या बराकीत चित्रण करताना खिडकीची रेखीव सावली घाणेरड्या चिंध्यांवर व भांड्यांवर पडत होती आणि त्यामुळे सारे दृश्यच देखणे होऊन बसत होते. तेव्हा त्यांनी सावलीच्या कडा मुद्दाम मोडून टाकल्या. 'पाऊस' करणाऱ्या माणसाचा हा निर्णय आहे. दारिद्र्य सुंदर दिसू लागले की ते सुसह्य वाटू लागते, हे त्यांनी ओळखले होते. दारिद्र्याची मनोहर छायाचित्रे पारितोषिके मिळवीत असल्याचे आजही सर्वत्र दिसते. हा मुद्दा जुना झालेला नाही.

याच चित्रपटात सत्य आणि पुनर्रचना यांचा प्रश्नही उभा राहतो. कार्ल मार्क्स यांच्या स्मृतिदिनानिमित्त कामगारांनी काढलेली मिरवणूक कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडवून आणण्यात आली. मार्क्स यांचे रंगविलेले चित्र घेऊन लोक निघाले, वस्तीतील इतर लोक घराबाहेर येऊन मुठी उंचावू लागले, आणि पोलीस येईपर्यंत चित्रीकरणाची मिरवणूक खरीखुरी मिरवणूक होऊन गेली. तिला बनावट म्हणावे काय? इव्हेन्स यांचे उत्तर ठाम 'नाही' असे होते : जे घडले आहे ते, ज्यांच्या बाबतीत घडले त्यांच्याच सहभागाने पुन्हा उभे करणे त्यांना गैर वाटत नव्हते. बोरिनाजपुरते हे उत्तर पटण्यासारखे आहे. मात्र जे घडलेच नाही ते घडल्यासारखे दाखविण्यासाठीही हाच युक्तिवाद वापरता येतो, आणि त्याच्यावर भिस्त ठेवणाऱ्याने ही धोक्याची जागा लक्षात ठेवलेली बरी.

त्याच सुमारास सोव्हिएत संघात, उरल पर्वतातील माग्नितोगोर्स्क येथे पोलादनगरी उभारली जात असताना त्यांनी 'कोमसोमोल' (१९३२) केला होता. तरुण कामगारांचा उत्साह त्यात ओसंडून वाहतो. परंतु त्या नगरीच्या उभारणीत हजारो हद्दपार शेतकरी सक्तीने राबविले जात होते. ते पडद्यावर नाहीत. यजमान हाच प्रायोजक असला आणि चित्रपटकाराची श्रद्धाही यजमानावरच असली, की चौकट किती अरुंद होते हे येथे प्रथम दिसते.

स्पेन आणि चीन

१९३६ मध्ये इव्हेन्स अमेरिकेत गेले. स्पेनमध्ये यादवी सुरू झाल्यावर प्रजासत्ताकाच्या बाजूने जनमत तयार करण्यासाठी न्यूयॉर्कमधील लेखक-कलावंतांनी 'कंटेम्पररी हिस्टोरियन्स' ही संस्था काढली. लिलियन हेलमन, जॉन डॉस पासोस, आर्चिबाल्ड मॅक्लिश यांचा तिच्यात सहभाग होता. 'द स्पॅनिश अर्थ' (१९३७) हा तिचा चित्रपट. छायालेखन जॉन फर्नो यांचे, संकलन व्हान डोंगेन यांचे, आणि निवेदन अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी लिहिलेले व त्यांच्याच आवाजातील. ऑर्सन वेल्स यांच्या आवाजात आधी केलेले ध्वनिमुद्रण बाजूला ठेवण्यात आले होते. वेल्स यांचा घोटीव स्वर या चित्रांना मानवत नव्हता. चित्रपटाची मांडणी साधी आहे : माद्रिदच्या रक्षणाची लढाई एकीकडे, आणि फुएन्तिदुएन्या या खेड्यातील शेतकऱ्यांनी पडीक जमिनीला पाणी देण्यासाठी काढलेला पाट दुसरीकडे. लढाई कशासाठी, याचे उत्तर तो पाट देतो. हुलियान नावाचा तरुण शेतकरी-सैनिक हा कथेचा धागा व्हायचा होता. पण आघाडीवर तो पुन्हा सापडला नाही, आणि चित्रपट त्याच्यावाचून पुरा करावा लागला. जुलै १९३७ मध्ये हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना व्हाइट हाउसमध्ये दाखविण्यात आला. त्यातून जमलेला पैसा रुग्णवाहिकांसाठी पाठविण्यात आला, पण अमेरिकेचे धोरण बदलले नाही.

येथेही एक गाळलेली जागा आहे. डॉस पासोस यांचे मित्र व अनुवादक होसे रोब्लेस यांना प्रजासत्ताकाच्याच बाजूच्या लोकांनी अटक करून ठार केले होते. त्यावरून डॉस पासोस आणि हेमिंग्वे यांची मैत्री तुटली. प्रजासत्ताकाच्या छावणीतील हा अंतर्गत छळ चित्रपटात येत नाही. युद्ध चालू असताना तो यावा अशी अपेक्षा करणे कितपत न्याय्य, यावर दुमत होऊ शकते. पण नंतरही इव्हेन्स यांनी या विषयावर मौनच पत्करले, आणि त्या मौनाचे समर्थन करणे कठीण आहे.

१९३८ मध्ये जपानी आक्रमणाविरुद्धच्या लढ्याचे चित्रण करण्यासाठी ते फर्नो आणि छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांच्यासह चीनमध्ये होते. राष्ट्रवादी सरकारचे अधिकारी सतत मागे असत. कम्युनिस्टांच्या ताब्यातील येनान येथे जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. तेव्हा त्यांनी आपला एक कॅमेरा गुप्तपणे येनानच्या लोकांच्या हाती दिला. चिनी क्रांतीच्या चित्रणात त्याचा उपयोग झाला, आणि तो कॅमेरा आज बीजिंग येथे जतन केलेला आहे. 'द फोर हंड्रेड मिलियन' (१९३९) हा त्या प्रवासाचा चित्रपट. त्याच्यापेक्षा मागे राहिलेल्या त्या कॅमेऱ्यानेच अधिक काम केले असे म्हणता येईल.

'इंडोनेशिया कॉलिंग' आणि भारतीय खलाशी

१९४४ मध्ये डच ईस्ट इंडिज सरकारने इव्हेन्स यांची चित्रपट आयुक्त म्हणून नेमणूक केली. जपानच्या ताब्यातून वसाहत मुक्त होताना तिचे चित्रण करायचे आणि पुढे तेथील लोकशिक्षणासाठी चित्रपट तयार करायचे, असे हे काम होते. डच राणीने १९४२ मध्ये वसाहतींना दिलेल्या स्वायत्ततेच्या आश्वासनावर त्यांनी विश्वास ठेवला होता. परंतु १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केल्यावर डच सरकारची पावले वेगळ्याच दिशेने पडू लागली. नोव्हेंबर १९४५ मध्ये इव्हेन्स यांनी सिडनी येथे पत्रकारांसमोर राजीनामा जाहीर केला.

ऑस्ट्रेलियन बंदरांत त्या वेळी डच जहाजांवर बहिष्कार पुकारला गेला होता. इंडोनेशियन खलाशांनी काम सोडले, ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांनी माल चढविण्यास नकार दिला, चिनी आणि भारतीय खलाशी त्यांना येऊन मिळाले. शस्त्रे व सैन्य नेणारी जहाजे अडकून पडली. 'इंडोनेशिया कॉलिंग' (१९४६) हा सुमारे बावीस मिनिटांचा चित्रपट मागून आणलेली सामग्री आणि मिळेल तेवढी कच्ची फिल्म यांवर झाला. छायालेखनात मॅरियन मिशेल यांचा मोठा वाटा होता आणि निवेदन पीटर फिंच यांचे होते. चित्रपटातील सर्वांत उत्कंठेचा प्रसंग भारतीय खलाशांचा आहे : बंदर सोडून निघालेल्या जहाजाचा छोट्या बोटीतून पाठलाग होतो, कर्ण्यावरून त्यांना हाक दिली जाते आणि भारतीय खलाशी काम थांबवितात. हा प्रसंग कॅमेऱ्यासाठी पुन्हा घडविलेला आहे. मूळ घटना मात्र खरी आहे. स्वतः स्वतंत्र नसलेल्या देशाच्या खलाशांनी दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी वेतनावर पाणी सोडावे, ही घटना भारतीय कामगार चळवळीच्या अध्ययनात अधिक ठळकपणे यावयास हवी.

या बावीस मिनिटांची किंमत इव्हेन्स यांना दीर्घकाळ मोजावी लागली. डच सरकारच्या लेखी ते अविश्वासाचे धनी ठरले. पारपत्राच्या अडचणी सुरू झाल्या आणि मायदेशी काम मिळणे बंद झाले. पुढे या प्रकरणाभोवती हद्दपार कलावंताची एक दंतकथाच तयार झाली. हान्स स्खूट्स यांच्या १९९५ मधील चरित्रग्रंथाने तिच्यातील अतिशयोक्ती दाखवून दिली आहे, आणि ते योग्यच झाले. पण आयुक्तपद सोडून हा चित्रपट करण्याचा निर्णय त्यामुळे लहान ठरत नाही.

पूर्व युरोप ते पॅरिस

१९५७ पर्यंतचा काळ त्यांनी प्रामुख्याने पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनीत घालविला. शांतता परिषदा, युवक महोत्सव, मैत्रीच्या शर्यती असे विषय या काळात त्यांच्या वाट्याला आले; या चित्रपटांत हात कमी आणि झेंडे अधिक आहेत. 'दास लीड डेर श्ट्र्योमे' (१९५४) हा त्यांतील महत्त्वाकांक्षी प्रयत्न. संगीत शोस्ताकोविच, गीत ब्रेख्त, स्वर पॉल रोबसन, आणि गंगेसह जगातील सहा महानद्यांकाठचे कामगारजीवन. एवढी नावे एकत्र येऊनही त्यांतील घोषणा चित्रांना दडपून टाकतात. त्याउलट, पॅरिसला स्थायिक झाल्यावर केलेला 'ला सेन आ रांकोंत्रे पारी' (१९५७) एकाच नदीकाठी रमतगमत फिरतो, माणसांना पाहतो, आणि मनात राहतो. जाक प्रेव्हेर यांच्या शब्दांनी सजलेल्या या लघुपटाला १९५८ मध्ये कान महोत्सवात लघुपटाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. 'आ व्हाल्पारायसो' (१९६३) मध्ये टेकड्यांवर वसलेल्या चिलीतील बंदराचे जिने आणि पाळणे दाखविताना पाण्यासाठी चढावे लागणारे गरीब लोकही दिसतात. त्याचे निवेदन क्रिस मार्केर यांनी लिहिले.

यानंतरच्या कार्यात मार्सेलीन लोरिदां या त्यांच्या सहदिग्दर्शिका आणि जीवनसाथी होत्या. ऑश्विट्झच्या छळछावणीतून त्या वाचल्या होत्या. व्हिएतनाममध्ये दोघांनी १९६७ मध्ये सीमारेषेलगतच्या विन्ह लिन्ह भागात जमिनीखालील भुयारांत राहून 'ल दिसेतियेम पारालेल' (१९६८) चित्रित केला. बाँबवर्षावाखाली शेती, शाळा, स्वयंपाक कसा चालू राहतो हे त्यात दाखविले आहे.

चीनमधील दीर्घपट

१९७२ पासून इव्हेन्स आणि लोरिदां यांनी चीनमध्ये केलेल्या चित्रणातून 'युकोंगने पर्वत कसे हलविले' ही बारा चित्रपटांची, सुमारे बारा तासांची मालिका १९७६ मध्ये पॅरिस येथे प्रदर्शित झाली. ध्वनी आणि चित्र एकत्र टिपण्याचे नवे तंत्र आणि माणसांना दीर्घकाळ बोलू देण्याची तयारी, यांमुळे मालिकेत कित्येक जिवंत जागा आहेत. शांघायमधील औषधांचे दुकान, विद्युतजनित्राचा कारखाना, किंवा शाळेची घंटा झाल्यावर एका मुलाने चेंडू लाथाडला म्हणून विद्यार्थी आणि शिक्षिका यांच्यात झडलेली चर्चा. चेंडूच्या या प्रसंगात अधिकार, मानापमान आणि माफी यांचा सारा खेळ काही मिनिटांत दिसतो. तथापि सांस्कृतिक क्रांतीचा हिंसाचार, अपमानित झालेले शिक्षक, तुरुंग आणि मृत्यू यांचा या बारा तासांत मागमूस नाही. प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच, सप्टेंबर १९७६ मध्ये माओ यांचे निधन झाले, ऑक्टोबरमध्ये 'चौकडी'ला अटक झाली, आणि मालिकेचे राजकीय संदर्भ एकाएकी कालबाह्य ठरले. तिचे खरे अपयश कालबाह्यतेत नाही. ज्यांनी दारे उघडली त्यांनी कोणती दारे बंद ठेवली, हा प्रश्न मालिकेत कोठेच विचारलेला नाही.

अखेरची वर्षे

नेदरलँड्सशी समेट हळूहळू झाला. 'रॉटरडॅम युरोपोर्ट' (१९६६) च्या निमित्ताने ते मायदेशी पुन्हा चित्रण करू लागले होते. १९८५ मध्ये डच संस्कृतिमंत्र्यांनी पॅरिसला जाऊन त्यांना पारितोषिक दिले व इंडोनेशियाच्या प्रश्नावर इतिहासाने त्यांचा पक्ष उचलून धरल्याची कबुली दिली. १९८८ मध्ये व्हेनिस महोत्सवात त्यांना संपूर्ण कारकिर्दीसाठी सुवर्णसिंह लाभला. २८ जून १९८९ रोजी, तिआनानमेन चौकातील गोळीबारानंतर चोवीस दिवसांनी, पॅरिस येथे त्यांचे निधन झाले.

त्याच व्हेनिस महोत्सवात लोरिदां यांच्यासमवेत केलेला 'युन इस्त्वार द व्हां' म्हणजे 'वाऱ्याची एक कथा' दाखविण्यात आला होता. दम्याने ग्रासलेला, नव्वदीच्या उंबरठ्यावरील इव्हेन्स वाळवंटात खुर्ची टाकून वाऱ्याची वाट पाहत बसतो. या चित्रपटाला कोणतीही घोषणा नाही, आणि माहिती किंवा बोध देण्याची घाईही नाही. त्यातला एक प्रसंग मात्र पूर्वीच्या साऱ्या कार्याच्या पार्श्वभूमीवर पाहावा असा आहे. शिआन येथील मातीच्या सैनिकांच्या पुतळ्यांचे आपल्याला हवे तसे चित्रण करू द्यावे, अशी विनंती इव्हेन्स करतात. अधिकारी नियम सांगतात, वेळ मोजून देतात, कॅमेरा कोठे ठेवायचा ते ठरवितात. वाटाघाटी फिसकटतात. मग इव्हेन्स प्रतिकृती विकत घेऊन आपले सैन्य स्वतःच उभे करतात. १९३८ मध्ये चीनमध्ये आणि पुन्हा १९७२ नंतर जो परवानगी देणारा अधिकारी कॅमेऱ्यामागे राहिला होता, तो येथे प्रथमच कॅमेऱ्यासमोर आला आहे.